शेल बीचला कसं जायचं?

(साताऱ्यातल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं शब्दांकन. पुनरुक्ती तेवढी काढली आहे. फाटे होते तसे ठेवले आहेत.)

मंडळी, नमस्कार.

आधी एक खुलासा. संयोजकांनी माझ्या भाषणाचा विषय ठरवला होता, 'डिस्टोपियन चित्रपटांतील नागर परात्मता'. पत्रिकेत छापून आलं, 'नागर परमात्मता'. एक 'म' जास्तीचा पडला. त्यामुळे पुढच्या दोन रांगांत गळ्यात माळ घातलेली जी ज्येष्ठ मंडळी बसली आहेत, ती कशासाठी आली आहेत हे मला कळलंय. पण कुणी उठू नका. परमात्मा येणार आहे. माझ्या वडिलांच्या नावातच तो होता, आणि त्याच्यामुळेच सगळा घोटाळा झाला. ते पुढे सांगतो.

परात्मता म्हणजे काय, हे मला घरून येताना रिक्षावाल्यानंही विचारलं. मी म्हटलं, आपल्याच घरात पाव्हणा असल्यासारखं वाटणं. तो म्हणाला, "मग सर, ते माझ्या सासरवाडीच्या उलटं झालं." डिस्टोपियाही तसा अवघड नाही. सगळं आखीवरेखीव, सगळ्याची सोय, फक्त माणसाची तेवढी गैरसोय, असं जग.

आता माझा अधिकार काय? काही नाही. मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. सिनेमाची खोड पुण्यात कॉलेजात असताना लागली, ती सुटली नाही. माझ्याकडे एक तास आहे. आठ वाजता वॉचमन कुलूप घेऊन दारात उभा राहतो, हे वक्त्यांना आधीच बजावलेलं असतं. तेव्हा तीन भाग करतो. पहिला शहर, दुसरा विस्थापन, तिसरा ओळख. तिन्हींना सारखा वेळ देईन. (हशा.) हसलात ते बरं केलंत. जुने विद्यार्थी दिसताय.

तर शहर. जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' पहिल्यांदा दाखवला गेला. मूकपट. वर आभाळाला भिडलेले मनोरे, पुलांवरून धावणाऱ्या मोटारी, मालकांच्या पोरांसाठी बागा. खाली जमिनीच्या पोटात यंत्रं, आणि त्याच्याही खाली कामगारांचं शहर. पाळी बदलते तेव्हा माना खाली घालून, एका ठेक्यात पावलं टाकत माणसं लिफ्टच्या पाळण्यात शिरतात. भिंतीवर दहा तासांचं घड्याळ आहे. दहाच आकडे, कारण पाळी दहा तासांची. आणि माणसांना नंबर. ज्या कामगाराच्या जागी नायक उभा राहतो त्याच्या टोपीवर ११८११ लिहिलेलं आहे.

साताऱ्यातही हल्ली जमिनीखालचं शहर झालंय. पोवई नाक्याचा ग्रेड सेपरेटर. सुरू झाला तेव्हा मी स्कूटर घेऊन खाली उतरलो, जायचं होतं एकीकडे आणि निघालो भलतीकडेच. भूगोलाचा मास्तर! कुणी बघितलं नसेल अशी आशा होती, पण वर माझाच एक विद्यार्थी वडापावच्या गाड्यावर उभा होता. म्हणाला, "सर, दिशा चुकली?"

तर 'मेट्रोपोलिस'. मी तो पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये पाहिला. त्यात एक प्रसंग आहे. यंत्र फुटतं आणि खालच्या कामगारनगरीत पाणी शिरतं. आधी फरशीच्या भेगांतून वर येतं, मग चौक भरतो, मग पोरं एका चौथऱ्याकडे पळत सुटतात. आजूबाजूची मित्रमंडळी छायाप्रकाशाची वाहवा करत होती. मी अंधारात पाय उचलून खुर्चीवर घेतले होते.

का घेतले, ते सांगण्यासाठी मला पन्नास मैल मागं यावं लागेल. संयोजकांकडे बघत नाही.

मी कोयना खोऱ्यातला. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की सभागृहात सोयरीक निघते आणि अर्धा तास तिकडंच जातो. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते गाव पाहिलेलं आहे. म्हणजे असं, की तुम्ही वासोट्याला जायला बामणोलीहून लाँचमध्ये बसता, पोरंटोरं हात पाण्यात घालतात, कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडतं. त्या वेळी तुम्ही आमच्या डोक्यावरून जात असता. कोयना धरणाची १०३ मीटर उंचीची भिंत, १०५ टीएमसी पाणी, महाराष्ट्राची भाग्यरेषा. मी स्वतः वर्गात ही ओळ पाठ करून घेतलेली आहे. पेपरात दोन मार्कांना यायची. पोरं लिहायची आणि मी दोनपैकी दोन द्यायचो.

पाणी आलं तेव्हा मी चार-साडेचार वर्षांचा. आठवतं ते फार थोडं. आजोबांनी घराची वासे-कौलं उतरवली, दारं चौकटीसकट काढली आणि वर डोंगरात नेली. भिंती मातीच्या, त्या ठेवल्या. बैल घेतले. जातं घेतलं. उंबरा काढताना आजीनं काढू दिला नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, पानी तरी वळकंल घर." आमच्या खोऱ्यातली माणसं त्या वेळी चहूकडे पांगली. कुणी ठाण्याला, कुणी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, कुणी सांगलीकडे, कुणी सोलापूरच्या माळावर, जिथं भाताचं रोप दाखवलं तर लोक विचारायचे हे काय गवत. आम्ही वर सरकलो. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आजोबांनी नेलेली कौलं तेवढ्यात फुटली. पुढं १९८५ साली आम्ही सरकलो होतो त्या रानाचं अभयारण्य झालं, आणि २०१० ला व्याघ्र प्रकल्प. वाघ काही लगेच आला नाही. आधी त्याची हद्द आली. म्हणजे आधी पाण्याला जागा दिली, मग वाघाला. आमचे एक चुलते म्हणायचे, आता फक्त आभाळातनं कुणी उतरायचं राहिलंय.

तेही येतात बरं का, एका सिनेमात. वेळ उरला तर सांगतो.

वडील आधीपासून मुंबईत, गिरणीत. बदली कामगार म्हणून लागले, मग कायम झाले. इथं ज्यांच्या घरातलं कुणी परळ-लालबागला होतं त्यांना वेगळं सांगायला नको, पण तरुण मंडळी आहेत म्हणून सांगतो. प्रत्येक गावाची मुंबईत एक खोली असायची. दहा बाय बारा. भिंतीला ओळीनं ट्रंका, वर दोरीवर कपडे. रात्रपाळीचे दिवसा झोपणार, दिवसपाळीचे रात्री, आणि दुपारपाळीचे जागा मिळेल तिथं. एकच वळकटी तिघांची, ती कधी थंड पडायची नाही. खाणं खानावळवाल्या मावशींकडे. आणि दारावर पत्र्याची पाटी, 'मौजे अमुक, तालुका अमुक, ग्रामस्थ मंडळ'.

म्हणजे बघा, गाव बुडालं आणि पाटी राहिली. खाली पाण्यात ना देऊळ ना पाणवठा, आणि इकडे दुसऱ्या मजल्यावर, संडासाच्या बाजूच्या खोलीत, आमचं गाव जिवंत. गावची यात्रा त्या खोलीत व्हायची. भैरोबाचा टाक एका ट्रंकेवर मांडायचे आणि पालखी म्हणून तीच ट्रंक दोघं उचलून चाळीच्या गॅलरीतून फिरवायचे. खोलीत चाळीसचा एक बल्ब होता. वीज कुणाची होती कोण जाणे, आमच्या कोयनेची की टाटांची, पण आजोबा एकदाच मुंबईला आले तेव्हा त्या बल्बकडे बोट करून म्हणाले, "ह्यो आपला उजेड." आणि रात्री तो बंद करू देईनात. रात्रपाळीवाल्यांची फार पंचाईत झाली.

त्या खोलीत एक फोटो होता. इथं मी पुन्हा सिनेमावर येतोय, काळजी नसावी.

१९८२ साल. जानेवारीच्या १८ तारखेला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख माणूस घरी बसला, आणि बहुतेक पुन्हा कामावर गेलाच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' लागला आणि पडला. मला हा योगायोग वाटतो, पण फार शहाणा योगायोग. सिनेमा घडतो २०१९ च्या नोव्हेंबरात, लॉस एंजेलिसमध्ये. तिथं पाऊस थांबतच नाही. खऱ्या २०१९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये तसलं काही झालं नाही, पण त्या ऑगस्टात सांगलीत दुसऱ्या मजल्यावरून माणसं बोटीत उतरवावी लागली. स्कॉटसाहेबांचं गाव चुकलं, साल चुकलं नाही.

त्यात रेप्लिकंट आहेत. कारखान्यात बनवलेली माणसं, कष्टाच्या कामासाठी. आयुष्य चार वर्षं. बालपण नाही. म्हणून त्यातला एकजण कसले कसले फोटो जमवतो आणि जिवावर उदार होऊन ते परत न्यायला येतो. एक मुलगी आहे, रेचल. ती नायकाला, डेकार्डला, आईबरोबरचा आपला फोटो दाखवते. हे बघ, मी लहान होते, ही माझी आई. तो तिला सांगतो की या आठवणी तुझ्या नाहीत, मालकाच्या पुतणीच्या आहेत, तुझ्यात भरल्या आहेत. तिचा चेहरा बघा त्या वेळी. मी तो भाग मागं घेऊन घेऊन पाहिलाय.

आमच्या खोलीतला फोटो परळच्या एका स्टुडिओत काढलेला. वडील उभे, आई खुर्चीत, मी तिच्या मांडीवर नवीन बंडी घालून. मागं रंगवलेला पडदा. त्यावर निळं तळं, तळ्याच्या काठी झाड, पलीकडे डोंगर. मी आजीला विचारलं, हे काय? ती म्हणाली, आपलं गाव. तिला खोटं बोलायचं नव्हतं. तिला दिसायचं अधू. तळं आणि डोंगर, म्हणजे आपलंच. मी सातवीत जाईपर्यंत मित्रांना तो फोटो दाखवून सांगत होतो, हे आमचं गाव. मग एका मित्राच्या घरी त्याच्या काकांचा फोटो पाहिला. काका रत्नागिरीचे. मागं तेच तळं, तेच झाड.

ही पहिली चिठ्ठी आली. 'विषयाकडे वळावे.' मी विषयातच आहे, वळू कुठं?

बरं, आता माझं खरं म्हणणं सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपला तरी तेवढं पदरात पडेल. हे सिनेमे यंत्राला भितात, संगणकाला भितात, असं लोक लिहितात. मला तसं दिसत नाही. ते दाखल्याला भितात. प्रत्येकात कुणीतरी टेबलापलीकडून विचारतं, तू तूच आहेस याला पुरावा काय? आणि हे विचारलं जातं ते जागेवरून हललेल्याला. जो वाड्यात सात पिढ्या बसलाय त्याला कोण विचारतो?

याला माझा पुरावा म्हणजे माझं एक प्रकरण. तीन वर्षांपूर्वी पुतण्यासाठी प्रकल्पग्रस्ताचा दाखला हस्तांतरित करायचा होता. नोकरीत राखीव जागा असतात. मी म्हटलं मी निवृत्त आहे, मला वेळ आहे, मी करतो. एका कचेरीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही, जिना मात्र फार चढावा लागतो.

माझ्या वडिलांचं नाव पंढरीच्या देवाचं. मी म्हटलं होतं ना परमात्मा येणार? त्या नावात दोन अनुस्वार आहेत, मनात लिहून बघा. संपादनाच्या जुन्या यादीत दोन्ही होते. पुढं कुणीतरी ती यादी उतरवून घेतली, त्यात पहिला अनुस्वार गळाला. गिरणीच्या तिकिटावर पुन्हा दोन. रेशनकार्डावर एकच, पण तो पहिला. टेबलामागचा मुलगा तिन्ही कागद शेजारी शेजारी लावून म्हणाला, "काका, हे तीन वेगवेगळे इसम आहेत."

मी म्हटलं, "बाळा, आमच्या आईलाही कधी तशी शंका आली नाही." तो हसला नाही. प्रतिज्ञापत्र आणा म्हणाला, की सदर तिन्ही नावांची व्यक्ती एकच. शंभराचा स्टँप घेतला, नोटरी केलं. टाइप करणाऱ्यानं घाईत तिन्ही ठिकाणी एकच नाव टाइप केलं. म्हणजे मी शपथेवर असं सांगत होतो की अमुक, अमुक आणि अमुक हे तिघं एकच आहेत. कचेरीत म्हणाले, यात वेगळं काय सिद्ध होतंय?

टेरी गिलियमचा १९८५ चा 'ब्राझील' ज्यांनी पाहिला असेल ते आता गालात हसत असतील. त्यात एका कचेरीत छताला चिकटलेली माशी टाइप करणाऱ्या यंत्रात पडते आणि 'टटल'चं 'बटल' होतं. धरायचं होतं टटलला, उचलून नेतात बिचाऱ्या बटलला. वर त्याच्या बायकोला नवऱ्याची पावती देतात, आणि ती पावती मिळाल्याची तिच्याकडून पावती घेतात. आपण मराठीत सहज म्हणतो, माशी कुठं शिंकली. गिलियमसाहेबांना ती माशी सापडली. आमच्या प्रकरणात माशीही नव्हती. अनुस्वार छताला चिकटला असावा, खाली पडलाच नाही.

पुढं ऐका. रहिवासाचा पुरावा. त्या मुलाकडे छापील यादी होती, तीवर बोट फिरवत तो म्हणाला, "मूळ गावचं जुनं लाइटबिल असलं तरी चालेल."

मी काही क्षण गप्प. म्हटलं, "अरे, गावात लाइट नव्हती. गाव बुडाल्यावर लाइट झाली."

तो म्हणाला, "मग बुडायच्या आधीचं बघा ना."

तो पोरगा वाईट नव्हता. मला चहा पाजला त्यानं. बोलता बोलता कळलं की तो अकरा महिन्यांच्या करारावर होता आणि दर वर्षी स्वतःचे सगळे कागद नव्यानं जोडत होता, तोच असल्याबद्दल. पुढच्या खेपेला गेलो तर त्याच्या खुर्चीवर दुसरी मुलगी. तिनं फाइल उघडली आणि म्हणाली, "काका, हे तीन वेगवेगळे इसम आहेत."

गिरणगावातही हेच. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीसाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत होतो हे सिद्ध करावं लागतं. हात दाखवून चालत नाही. आमच्या वडिलांच्या अंगठ्याला सूत कापून कापून घळ पडली होती, तीत काडी बसायची. तिची सत्यप्रत मिळत नाही.

'मेट्रोपोलिस'चा शेवट मला याचमुळे सहन होत नाही. सगळा गदारोळ झाल्यावर मालक आणि मुकादम यांचे हात हातात देतात आणि झालं, संपलं. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सनं तर तेव्हाच न्यूयॉर्क टाइम्समधून त्या सिनेमाची धुलाई केली होती. त्याची कारणं वेगळी होती, पण धुलाई मला आवडली. असा शेवट लालबागच्या नाक्यावर पडद्यावर दाखवला असता तर पडदा शिल्लक राहिला नसता.

दुसरी चिठ्ठी. 'वीस मिनिटे.' छान, म्हणजे तो किस्सा बसतो.

वडील शेवटी माझ्याकडे साताऱ्यातच होते. २००२ च्या सुमारास मी एक सीडी आणली, 'डार्क सिटी'. अलेक्स प्रोयासचा, १९९८ चा. रात्रीचं जेवण झालेलं. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, पण ते शेजारी बसले, अडकित्ता घेऊन. त्यांना सिनेमा कळायचा. बावीस वर्षं मुंबईत शनिवारचा खेळ चुकवला नव्हता त्यांनी.

त्या सिनेमातल्या शहरात कायम रात्र आहे. बाराचा ठोका पडला की सगळे जागच्या जागी झोपतात. ताटावर बसलेला ताटात, गाडी चालवणारा चाकावर. मग काळ्या कोटातले परके येतात, इमारती पिळून लांब-आखूड करतात, रस्ते फिरवतात आणि माणसांच्या डोक्यात नव्या आठवणी टोचतात. काल हॉटेलात काम करणारा आज पेपर विकत असतो, आणि त्याला वाटतं आपण जन्मापासून हेच. नायकाला एक जागा आठवते, शेल बीच. समुद्रकिनारा, ऊन, लहानपण. तो ज्याला विचारेल तो म्हणतो, हो हो, माहीत आहे की. टॅक्सीवाला तर म्हणतो, मी बायकोला घेऊन तिथंच गेलो होतो. मग कसं जायचं? सोपं आहे, अमुक रस्त्यानं सरळ… की तमुक रस्त्यानं? आणि तो थांबतो. त्याला रस्ता आठवत नाही. कुणालाच आठवत नाही.

मी वडिलांना मोडकंतोडकं सांगत होतो, की ह्याला गावाला जायचंय, पण वाट कुणाला माहीत नाही. वडिलांचा अडकित्ता थांबला.

याचं कारण मला माहीत होतं. आमच्या घरी कुणी नवा पाव्हणा आला आणि त्यानं विचारलं, तुमचं गाव कुठं, की वडील फार उत्साहानं सांगायला लागायचे. "पाटणला उतरायचं. तिथनं हेळवाक. हेळवाकास्नं नदी उजव्या हाताला ठिवायची, आन् सरळ जायाचं. वडाचं झाड लागंल. तिथनं खाली उतरलं की…" आणि थांबायचे. दर वेळी त्याच वडाच्या झाडाशी. मग म्हणायचे, "म्हंजी, तवा."

सिनेमात नायक शेवटी तिथं पोचतो. एक भिंत असते आणि भिंतीवर शेल बीचचं पोस्टर. निळं पाणी. रंगवलेलं. तो आणि इन्स्पेक्टर हातोडे घेऊन भिंत फोडतात, आणि पलीकडे समुद्र नाही, गाव नाही, काहीच नाही. काळं अवकाश आणि तारे. मला परळच्या स्टुडिओतला पडदा आठवला. मी वडिलांकडे बघितलं नाही.

पण त्यांनी जे म्हटलं ते त्या भिंतीवर नाही. सिनेमा पुढं जातो. नायकाला परक्यांची शक्ती मिळते, तो त्यांना हरवतो आणि नुसत्या मनाच्या जोरावर शहराभोवती पाणी आणतो, पाणीच पाणी, समुद्र, वर सूर्य उगवतो. त्यानं स्वतःचा शेल बीच स्वतः तयार केला. जगभरचे समीक्षक म्हणतात, हा विजयी शेवट. मलाही भरून आलं होतं.

वडील सुपारीचं खांड तोंडात टाकून म्हणाले, "ह्येनंबी शेवटी पानीच आनलं की."

आणि झोपायला गेले.

मंडळी, मी त्यानंतर या विषयावर बरंच काही वाचलं. या वाक्याच्या पुढचं काही सापडलं नाही.

ही तिसरी चिठ्ठी. 'पाच मिनिटे. विस्थापन व ओळख राहिले.' राहिले म्हणतात! बरं, आता भराभर सांगतो, ज्यांना टिपणं घ्यायची त्यांनी घ्या.

गोदारचा 'आल्फाव्हिल', १९६५. भविष्यातलं शहर दाखवायला त्यानं एकही सेट उभारला नाही. तेव्हाचं पॅरिस रात्री चित्रित केलं, झालं भविष्य. मुद्दा असा, की बदलायचं काही नसतं, फक्त दिवे लावायचे असतात. त्या शहरात शब्दकोश म्हणजे धर्मग्रंथ, आणि त्यातून रोज शब्द काढून टाकतात. ज्याचा शब्द गेला ती गोष्टही गेली. आमच्या खोऱ्यात नदीकाठच्या वेगवेगळ्या शेतजमिनींना वेगवेगळी नावं होती. जमीन पाण्याखाली गेली, आता माझ्या नातीला ती नावं सांगायची तर आधी चित्र काढावं लागतं. हा मुद्दा खरं तर अर्ध्या तासाचा आहे.

'डिस्ट्रिक्ट नाइन', २००९, नील ब्लॉमकँप. हे आभाळातनं उतरलेले, चुलत्यांनी सांगितलेले. जोहान्सबर्गवर यान येऊन थांबतं, त्यातल्या प्राण्यांना झोपडपट्टीत डांबतात आणि वीसहून अधिक वर्षांनी तिथूनही उठवतात. चित्रीकरण सोवेटोतल्या खऱ्या वस्तीत झालं, जिथून माणसांना खरोखर हलवलं जात होतं. नावामागं केप टाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स आहे. ११ फेब्रुवारी १९६६ ला तो भाग फक्त गोऱ्यांचा जाहीर झाला आणि साठ हजारांवर माणसं तिथून उठवली गेली. सिनेमातला कारकून दारोदार नोटिशीवर सही घेत फिरतो. एक प्राणी चिडून त्याच्या हातातल्या कागदाला फटका मारतो. कागदावर ओरखडा उठतो. कारकून म्हणतो, चालेल, ही सही झाली. इथं ज्यांच्या घरात संपादनाच्या कागदावर अंगठा दिलेला आहे, त्यांना जास्त सांगत नाही. आणि पुढं तो कारकूनच हळूहळू त्या प्राण्यात बदलतो. टेबलाची बाजू बदलली, एवढंच.

मायकल विंटरबॉटमचा 'कोड ४६', २००३. थोडा शांघाय, थोडी दुबई, थोडं आपलं राजस्थान जोडून केलेलं जग. परवाना असेल तर शहरात, नसेल तर बाहेरच्या वाळवंटात. नायिका परवाने छापते आणि गुपचूप खोटेही देते. मला तीच या सगळ्यांतली खरी संत वाटते. पुढच्या रांगेनं क्षमा करावी.

'गॅटका', १९९७. तिथं दाखला कागदावर नाही, रक्तात आहे. नायक दुसऱ्याचं रक्त आणि दुसऱ्याची लघवी बाळगत फिरतो. अनुस्वाराची चूक होण्याची सोयच ठेवलेली नाही. यावर बोलायचं होतं, कारण आता आपणही अंगठा यंत्रावर ठेवतो, आणि सूत कापलेल्या, भांडी घासलेल्या, ऊस तोडलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही. रेशन दुकानात बायका पदराला बोट पुसून पुन्हा पुन्हा ठेवतात, ते पाहिलं असेल तुम्ही. यावर सिनेमा कुणी तरी करायला हवा. आपल्याकडच्या पोरांनी करावा. आपल्याला सेट लागणार नाही, मे महिन्यात पाणी उतरलं की आमच्या घराचं जोतं आपोआप वर येतं, उंबऱ्यासकट. गेल्या वर्षी जाऊन आलो, चिखलात पाय रुतले, पण उभा राहिलो त्यावर.

वॉचमन आलेत. या, या, बसा दोन मिनिटं. नाही? बरं.

अध्यक्षांचं भाषण माझ्यामुळे राहिलं, त्यांची माफी मागतो. प्रश्नोत्तरंही राहिली. ज्यांना 'डार्क सिटी' बघायचा आहे त्यांनी येत्या रविवारी पाच वाजता माझ्याकडे या. सीडी अजून चालते, मधे दोन ठिकाणी अडकते. चहा आहे, सुपारी आहे. पत्ता सोपा आहे. बसस्थानकावरून रिक्षा करा आणि गोडोलीत या. तळ्यापाशी उतरा. मोबाइलचा नकाशा लावू नका, तो मागच्या बोळात नेतो आणि तिथं कुत्री आहेत. तिथं कुणालाही विचारा, कोयनावाले सर कुठं राहतात. नावानं विचारू नका. नावानं मला तिथं कुणी ओळखत नाही.